दोन साथीदार, एक खोली आणि कमी भरलेलं वजन: संशयाची एकांकिका कशी बांधायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात उमरेड रोडवरच्या एका बंद घरात घरफोडी झाली. दुसऱ्या रात्री इतवारीतल्या माडीवरच्या एका खोलीत दिगू आणि मोऱ्या हे दोन साथीदार तिसऱ्याची, पप्पूची, वाट बघत बसलेत. दागिन्यांची वाटणी व्हायची आहे. संहिता 45 मिनिटांची. पाचव्या मिनिटापासून दोघं एकमेकांवर आरोप करतात, आवाज चढत जातो आणि शेवटी एकजण गावठी कट्टा काढतो. तालीम बघणारे म्हणतात, ‘भांडण दिसतं, पण ताण लागत नाही.’ चुकतंय कुठे आणि दुरुस्त कसं करायचं?

चूक संवादांत शोधू नका, त्याच्या आधीच्या बांधणीत शोधा. संशय बोलून दाखवला की तो भांडण होतो, आणि भांडणात प्रेक्षकाला करण्यासारखं काही उरत नाही. तो नुसता बघत राहतो. ताण येतो तो कोणाला काय माहीत आहे याच्या वाटणीतून. दिगूला एक गोष्ट माहीत आहे, मोऱ्याला दुसरी, आणि प्रेक्षकाला दोन्ही किंवा दोन्हीपैकी एकही नाही. ही वाटणी नीट केली तर ‘चहा घेतो का’ या वाक्यालाही सभागृह श्वास धरतं.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करा. हे दोघं खोलीतून उठून का जात नाहीत? तुमच्या संहितेत मोऱ्याकडे दागिन्यांची पिशवी आहे आणि दिगूकडे काहीच नाही. मग मोऱ्याने थांबायचं कशाला? इथंच नाटक गळतं. प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट हवी जी दुसऱ्याला हवी आहे आणि जबरदस्तीने काढून घेता येत नाही. माल मोऱ्याकडे असू द्या. पण चोरीचे दागिने आहेत तसे बाजारात नेता येत नाहीत, ते आटवावे लागतात, आणि जो गलाईवाला हे काम करायला तयार आहे तो फक्त दिगूला ओळखतो. दुसरं कोणी दार ठोठावलं तर तो उघडणार नाही. घराची टीप पप्पूने दिली आहे आणि कोणत्या खोलीत काय होतं हे त्यालाच ठाऊक. आता तिघंही एकमेकांत अडकले. मारामारीने कोणाचंच काम होत नाही, म्हणून बोलावं लागतं, आणि बोलताना प्रत्येकजण थोडं राखून बोलतो.

आता वजन. तुमच्या संहितेत ‘माल कमी आहे’ हे एक वाक्य आहे आणि ते वाऱ्यावर सोडलंय. माझ्या मते अख्खी एकांकिका त्या वाक्यावर उभी करता येईल. टीप होती ‘घरात पस्तीस तोळे’. काटा दाखवतो 349 ग्रॅम आणि काही मिलिग्रॅम. दिगू लहानपणी सराफा ओळीत एका म्हाताऱ्या सोनाराच्या हाताखाली होता, त्याच्या डोक्यात जुना तोळा आहे, 11.66 ग्रॅमचा. त्याच्या हिशेबाने पस्तीस तोळे म्हणजे 408 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ 59 ग्रॅम गायब. आजच्या बाजारी हिशेबात तोळा दहा ग्रॅमचा. तो धरला तर 350 व्हायला हवेत आणि माल जवळपास पूर्ण आहे. कोणीही चोरलेलं नाही. मात्र हे उमगेपर्यंत 59 ग्रॅमांनी दोघांचा जीव खाल्लेला असतो.

याला आणखी दोन खुलासे जोडता येतात. जुन्या पोकळ दागिन्यांत आत लाख भरलेली असते. खडे, काळे मणी, दोरा हे सगळं धरून एक वजन येतं, काढून टाकल्यावर दुसरं. आणि दोन दशांशांपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा वाऱ्यात स्थिर राहत नाही, आकडा वर-खाली नाचतो. एकाच तुटीला तीन निरपराध खुलासे आणि एक अपराधी खुलासा, अशी मांडणी झाली की प्रेक्षक स्वतः हिशेब करायला लागतो. पण तिन्ही खुलासे एकाच पात्राच्या तोंडी घालू नका. लाखेचं मोऱ्याला माहीत, वाऱ्याचं दिगूला कळतं, तोळ्याचं कोणालाच सुचत नाही. खरा खुलासा एकच ठेवा. दोन-दोन खरे ठेवले तर शेवट पातळ होतो.

काट्याचा आकडा प्रेक्षकाला दिसत नाही, आणि ही अडचण नाही, सोय आहे. काटा असा ठेवा की त्याचा पडदा फक्त मोऱ्याकडे असेल. मोऱ्या आकडा मोठ्याने वाचतो, दिगूला तो ऐकावा लागतो. दिगूने उठून बघितलं तर अविश्वास उघड होतो, नाही बघितलं तर आतून पोखरतो. एवढ्या एका हालचालीवर चार-पाच मिनिटं सहज जातात. पहिल्या वजनाला तो उठत नाही. दुसऱ्या वजनाला पाणी प्यायच्या निमित्ताने मोऱ्याच्या मागून जातो. तिसऱ्या वेळी काटाच उचलून आपल्याकडे वळवतो. तीन वेळा एकच क्रिया, शब्द जवळजवळ तेच, आणि नातं दर वेळी एक पायरी खाली.

नागपूरचा उन्हाळा इथं तुमच्या हाती आयताच आहे. मे महिना, बाहेर पारा 45च्या पुढे जाऊन आलेला, रात्री दहालाही भिंती तापलेल्या, खोलीत कूलर सुरू. कूलरच्या वाऱ्यात काटा स्थिर होत नाही, म्हणून वजन करायचं तर कूलर बंद करावा लागतो. बंद केला की घाम सुटतो आणि शांतता पडते, खालच्या गल्लीतला प्रत्येक आवाज वर येतो. वजन संपलं की पुन्हा कूलर सुरू. लेखकाला ताण वाढवण्यासाठी वेगळं काही घुसवावं लागत नाही, कामाची गरजच ते करते.

पुढचा मुद्दा न दिसलेल्या मिनिटांचा. गुन्ह्यातल्या साथीदारांची गोष्ट निघाली की कैद्यांच्या पेचाचा उल्लेख होतोच, म्हणजे साथीदाराला साथ द्यायची की त्याच्याविरुद्ध बोलून आपण सुटायचं, हा पेच. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत 1950 साली फ्लड आणि ड्रेशर यांनी तो खेळ मांडला आणि टकर यांनी त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली. त्यातली मूळ अट अशी की दोघं वेगवेगळ्या कोठडीत आहेत, एकमेकांशी बोलू शकत नाहीत. तुमचे दोघं एकाच खोलीत आहेत, बोलू शकतात, शपथा घेऊ शकतात. तेव्हा तो पेच जसाच्या तसा उचलून चालत नाही. इथं संशय येतो तो दुसरा नजरेआड असताना गेलेल्या वेळातून. म्हणून लिहायला बसण्याआधी प्रत्येक पात्राची नजरेआडची मिनिटं कागदावर मांडा. घरफोडीनंतर दोघं वेगळे झाले. रात्री दुचाकीवर दिघोरीहून सक्करदरा, महाल करत इतवारीत यायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, मोऱ्याला पाऊण तास लागला. ही झाली मोऱ्याची न दिसलेली मिनिटं. दिगू आज दुपारी दोन तास फोन बंद करून होता, ही त्याची. पप्पूचं तर सगळंच नजरेआड. आणि नाटक चालू असतानाही अशी चार मिनिटं तयार करा: दिगू खाली पाण्याची कॅन आणायला जातो, मोऱ्या पिशवीसोबत एकटा उरतो. या चार मिनिटांत मोऱ्याने काय केलं ते प्रेक्षकाने पाहिलंय, दिगूने नाही. मोऱ्या नुसता खिडकीतून डोकावून आला असला तरी चालेल, किंबहुना तेच जास्त चांगलं. दिगू परत आल्यावर पिशवीची गाठ निरखतो, तेव्हा प्रेक्षकाला मोऱ्या निर्दोष असल्याचं माहीत असतं आणि त्याला ते सांगता येत नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून लिहिता येत नाही, तक्ता करावा लागतो. एका मोठ्या कागदावर चार उभे रकाने: दिगूला काय माहीत, मोऱ्याला काय माहीत, पप्पूला काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत. आडव्या ओळी दर तीन मिनिटांच्या. प्रत्येक ओळीत एका रकान्यात एक नवी नोंद झाली पाहिजे. एकही झाली नाही तर ती तीन मिनिटं नुसती बडबड आहे, काढून टाका. तीन-चार नोंदी एकदम झाल्या तर प्रेक्षक मागे पडतो, त्यातल्या दोन पुढे सरकवा. तुमची आत्ताची संहिता या तक्त्यात भरून बघा, पाचव्या ते अठराव्या मिनिटापर्यंत एकही नवी नोंद नाही असं दिसेल. आरोप आहेत, माहिती नाही.

वेळेचं म्हणाल तर 45 मिनिटांची संहिता 38पर्यंत आणा. दोन पात्रांच्या खोलीत त्याहून जास्त ताणलं तर पीळ सुटतो, शिवाय प्रेक्षकांसमोर प्रयोग तालमीपेक्षा दोन-तीन मिनिटं लांबतोच. स्पर्धेची वेळमर्यादा गाठायची तर ही जागा मोकळी लागते. पहिली चार मिनिटं फक्त काम: दार लावणं, खिडकीला चादर टांगणं, पिशवी कुठे ठेवायची यावर न बोललेली ओढाताण. पहिलं खोटं सहाव्या मिनिटाच्या आसपास, आणि ते अगदी क्षुल्लक गोष्टीबद्दल असावं. पहिलं वजन दहाव्याला. दिगू बाहेर जातो पंधराव्याला. उघड आरोप पंचविसाव्याच्या आधी नाही. बाकीच्या जागा तुमच्या तुम्हाला सापडतील.

संवादांबद्दल एक नमुना देतो. तुमच्या संहितेतला सूर साधारण असा आहे:

दिगू : खरं सांग मोऱ्या, तूच माल मारला ना?
मोऱ्या : माझ्यावर संशय घेतो? इतके वर्ष सोबत काम केलं आपण!

दोन्ही वाक्यं कोणत्याही नाटकात बसतील आणि दोन्हींनंतर पुढे जायला वाट नाही. त्याच जागी असं काही करून बघा:

दिगू : काल किती वाजता पोचला तू इथं?
मोऱ्या : पावणेतीन झाले असन.
दिगू : दिघोरीहून.
मोऱ्या : हो ना. सक्करदऱ्यात गाडी लागून होती पोलिसांची. मंग आतून आलो, गल्ल्यागल्ल्यातून.
दिगू : हं. (काटा पुसत) पेट्रोल टाकलं काय गाडीत?
मोऱ्या : काहून?
दिगू : काही नाही. काल निघालो तवा लाल पट्टीत होतं. आज अर्धी टाकी दाखवून राहिली.
मोऱ्या : भावानं टाकलं असन. दुपारी तोच घेऊन गेलता.
दिगू : म्हणजे घरी गेलता तू.

इथं कोणी कोणावर आरोप केला नाही. दिगूने एक बारीक गोष्ट विचारली, मोऱ्याने तिचं साधं उत्तर दिलं, आणि त्या उत्तरातूनच नवी फट पडली: घरी जायचं नाही असं ठरलेलं असताना हा घरी गेला. गेला असेल आईला औषध द्यायला. पण आता ते सांगायला त्याला उशीर झाला. प्रत्येक उत्तराने जुना प्रश्न मिटला पाहिजे आणि नवा उघडला पाहिजे. मोऱ्याचं पोलिसांच्या गाडीबद्दलचं वाक्य बघा, न विचारता दिलेला तपशील आहे तो. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त तपशील देतो असा समज आहे, पण घाबरलेला खरा माणूसही तेच करतो. ही संदिग्धता जपा, दिग्दर्शकाने ती मिटवू नये.

बोलीचा वापर जपून आणि सातत्याने करा. एकाला जुन्या नागपुरातला ठेवा, दुसऱ्याला भंडाऱ्याकडून आलेला, म्हणजे दोघांचं बोलणं सारखं वाटणार नाही. ‘मले-तुले’ जो म्हणतो तो शेवटपर्यंत म्हणेल. नटांकडून हमखास एक चूक होते. हलक्याफुलक्या जागी ते झकास वऱ्हाडी बोलतात आणि प्रसंग तापला की प्रमाण भाषेवर येतात, कारण तिथं ते पाठ केलेलं म्हणत असतात. खऱ्या माणसाचं उलट होतं, जीव कासावीस झाला की जीभ घरच्या बोलीवर जाते. तापलेले प्रसंग आधी बोलीत सुचवून घ्या, मग लिहून काढा. शिव्या कमीत कमी, कारण नागपुरी शिवीला सभागृह हसतं आणि हशा पडला की दहा मिनिटांची मेहनत जाते.

कायद्याची बाजू कच्ची राहिली तर जाणकार प्रेक्षक तुटतो, शिवाय इथं कायदाच तुम्हाला खरी भीती पुरवतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे त्यानंतरचा काळ दाखवत असाल तर 457, 380 असे जुने आकडे पात्रांच्या तोंडी नकोत. तुमच्या संहितेत तिघांच्या या कामाला तीनदा ‘दरोडा’ म्हटलंय. दरोड्याला पाच किंवा अधिक माणसं लागतात, कलम 310. तिघांनी रात्री बंद घर फोडलं तर ती घरफोडी, कलम 331. चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘मी तर खाली गाडीवर उभा होतो’ या वाक्याने पप्पू सुटत नाही, कलम 3 च्या पाचव्या पोटकलमात समान इराद्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी सगळ्यांवर सारखी येते. हे दिगूला माहीत असू द्या आणि पप्पूला माहीत नसू द्या.

माफीच्या साक्षीदाराबद्दल तर जवळजवळ प्रत्येक संहितेत चूक असते. पोलीस अधिकारी फोनवर ‘तू बोल, तुला सोडतो’ म्हणतो आणि माणूस मोकळा होतो, असं होत नाही. माफी देण्याचा अधिकार न्यायालयाचा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 343. अट अशी की आपल्या सहभागासकट सगळं पूर्ण आणि खरं सांगायचं. आणि जो आधीच जामिनावर नाही, त्याला खटला संपेपर्यंत कोठडीतच राहावं लागतं. नाटकाच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सोन्यासारखी आहे. मोऱ्याला वाटतं पप्पू फुटला तर उद्या बाहेर येईल. दिगूला माहीत आहे की फुटूनही पप्पू आतच राहणार, म्हणून तो फुटणार नाही असा दिगूचा हिशेब. दोघांची भीती वेगवेगळ्या माहितीवर उभी आहे.

तसंच पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, पण त्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, साक्ष अधिनियमाचं कलम 23. म्हणजे पिशवी कुठे लपवली हे ज्याला माहीत, तोच सगळ्यात धोक्यात. पिशवी सांभाळणं हा मान नसून ओझं आहे, हे दिगूला कळतं आणि म्हणून तो ती मोऱ्याकडेच राहू देतो. अटक झाल्यावर 24 तासांत न्यायालयासमोर हजर करावं लागतं, आणि पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता एकदम न घेता सुरुवातीच्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनीही घेता येते. पप्पू काल रात्री सापडला असेल तर आज संध्याकाळपर्यंत त्याचा पीसीआर (पोलीस कोठडीचा आदेश) झालेला असणार, आणि घड्याळाकडे बघणाऱ्या दिगूच्या डोक्यात तेच चाललेलं असणार. हे बोलून दाखवू नका. त्याला फक्त एकदा विचारू द्या, ‘आज कोर्ट सुट्टीवर होतं काय?’

मोबाइलचा प्रश्न टाळू नका. आजचा गुन्हेगार सीडीआर, म्हणजे फोनच्या कॉलची नोंद, ओळखतो, त्यामुळे खोलीत आल्यावर फोन बंद ठेवायचे हे ठरलेलं. खोलीत एकच फोन सुरू असेल आणि तो पप्पूच्या फोनसाठी. तो स्टीलच्या ताटात ठेवा. थरथरला की जो आवाज होतो तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मात्र हा आवाज सभागृहाच्या मुख्य स्पीकरमधून वाजवला तर तो छतातून आल्यासारखा वाटतो. ताटाखाली छोटा ब्लूटूथ स्पीकर दडवा, आणि जोडणी तुटली तर नटाने काय करायचं तेही आधी ठरवा.

कूलरलाही हाच नियम. खरा कूलर मंचावर चालवला तर संवाद ऐकू येणार नाहीत. रिकामा सांगाडा ठेवा, ताट्या लावलेल्या, पाठीमागे स्पीकर. कूलरचा मुद्रित आवाज पहिली वीस सेकंदं खऱ्याइतका मोठा, मग दीड मिनिटात इतका खाली आणा की प्रेक्षक त्याला विसरेल. वजनाच्या वेळी नटाचा हात बटणावर पडताच तो एकदम तोडा, हळूहळू उतरवू नका. विसरलेला आवाज थांबला की कान उघडतात. ध्वनिचालकाला नटाचा हात दिसेल अशी जागा द्या, नाहीतर अर्ध्या सेकंदाचा उशीर सगळं घालवतो.

दागिन्यांच्या बाबतीत नट सहसा चुकतात. 350 ग्रॅम म्हणजे पाव किलोहून शंभर ग्रॅम जास्त. 22 कॅरेट धातू म्हणून बघितलं तर जेमतेम चार चमचे आकारमान. दागिन्यांच्या रूपात दोन मुठींत मावेल. खांद्यावर पोतं घेऊन वाकलेला मोऱ्या हास्यास्पद दिसतो. साधी कापडी पिशवी, रुमालात बांधलेली पुरचुंडी. एक ग्रॅमवाले (सोन्याचा मुलामा दिलेले) दागिने वापरा, पण ते ताटात टाकले की पत्र्यासारखे वाजतात, म्हणून ताटात जाड फडकं घाला आणि पुरचुंडीच्या तळाशी थोडे छर्रे शिवून टाका, म्हणजे हातावर पडताना वजन दिसेल. रोख दाखवायची असेल तर नोटांच्या हुबेहूब प्रती छापू नका, तो गुन्हा आहे. खेळण्यातल्या नोटा कागदी पट्टीखाली चालतात.

कट्टा काढून टाका. तो एकदा दिसला की प्रेक्षक माणसांकडे बघणं सोडतो आणि गोळीची वाट बघतो. घरफोडीत वापरलेली टॉमी (लोखंडी पहार) आणि कटावणी खोलीत आहेतच. टॉमी कोपऱ्यात उभी असू द्या, कोणी तिचं नाव घेऊ नका, फक्त दुसऱ्या वजनानंतर ती जागेवर नसावी. मंचावरची टॉमी पीव्हीसी नळीची रंगवलेली असावी, आत लाकडी दांडा घालून, खरं लोखंड नको.

मंचावर दार एकच, डाव्या किंवा उजव्या बाजूला पुढे. टेबल मधोमध नको, दारापासून तिरकं ठेवा, म्हणजे जो वजन करतो त्याची पाठ दाराकडे होते. दोघांतलं अंतर पहिल्या अर्ध्या भागात सात-आठ फुटांच्या खाली येऊ देऊ नका, आणि तीन फुटांच्या आत यायला काहीतरी काम हवं: काटा, चहाचा कप, घाम पुसायला फडकं. कोण कोणाकडे पाठ करतो याची नोंद ठेवा. वीस मिनिटांनंतर कोणीच कोणाकडे पाठ करत नाही, एवढं पाळलं तरी प्रेक्षकाला कारण न कळता अस्वस्थ वाटतं. रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या जागी डोळ्यांचा अभिनय मागे पोचत नाही, तिथं हीच अंतरं बोलतात. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात तुम्ही खूप जास्त बारीक खेळू शकता.

प्रकाशासाठी टेबलावर लोंबणारा एक बल्ब आणि बाहेरून खिडकीतून येणारा रस्त्याचा पिवळा उजेड पुरेसा आहे. बल्ब 40 किंवा 60 वॉटचा जुन्या पद्धतीचा वापरा, साधा एलईडी डिमरवर लुकलुकतो. तो चेहरे उजळायला पुरत नाही, म्हणून त्याच दिशेने वरून एक स्पॉट फिकट अंबर लावून द्या. वीज जाण्याचा प्रसंग ठेवणार असाल तर एकदाच, आणि अंधार तीन सेकंदांपेक्षा जास्त नको.

तालमीत एक गोष्ट आवर्जून करा. खरोखर माल कोणी काढला, किंवा कोणीच काढला नाही, हे नटांना सुरुवातीला सांगू नका. दिगूचं काम करणाऱ्याला वेगळं बाजूला घेऊन सांगा की चार तालमी तू दोषी आहेस, मोऱ्याच्या नटाला सांगा की तू निर्दोष. पुढच्या चार तालमींत उलटा. दोन्ही वेळा एकच संहिता, एक शब्दही बदलायचा नाही. ज्या वाक्यांवर दोषी आणि निर्दोष नट सारखेच दिसतात ती वाक्यं चांगली आहेत. ज्यांवर दोषी नट हमखास चेहरा करतो ती पुन्हा लिहा. आवाज चढवायची मुभा अख्ख्या एकांकिकेत प्रत्येकाला एकदाच. लांब शांतता तीनच, आणि प्रत्येक शांततेत हाताला काम हवं. मंचावर सात सेकंद फार मोठे असतात, घड्याळ लावून बघा.

शेवटाबद्दल. पप्पूने पोलिसांना घेऊन येणं किंवा दोघांपैकी एकाने दुसऱ्याला मारणं, दोन्ही शेवट प्रेक्षक विसाव्या मिनिटाला ओळखतो. दागिन्यांच्या पिशवीत सुरुवातीपासून सराफाच्या पावत्या घडी घालून ठेवा. पहिल्याच मिनिटाला मोऱ्या त्या ‘काय कामाच्या’ म्हणून बाजूला सारतो. त्या पावत्यांवर वजन ग्रॅममध्ये लिहिलंय आणि बेरीज 350 आहे. दिगू निघून गेल्यावर, म्हणजे गलाईवाल्याचा दुवा कायमचा तुटल्यावर, मोऱ्या चहाचा सांडलेला डाग पुसायला तोच कागद उचलतो आणि वाचतो. आता तो दिगूला फोन करू शकत नाही, कारण दिगूने फोन बंद केलाय, आणि बंद करायला मोऱ्यानेच सांगितलं होतं. पप्पू तेव्हा दार वाजवतो की नाही हे तुम्ही ठरवा. माझं मत, वाजवू द्या, आणि उशीर का झाला याचं कारण अत्यंत साधं ठेवा, गाडी पंक्चर झाली एवढंच. पावती वाचताना मोऱ्याने बेरीज मोठ्याने करायची नाही. पहिले दोन आकडे वाचावे, बाकीची बेरीज प्रेक्षक करतो. त्यासाठी मात्र ‘349’ आणि ‘408’ हे दोन्ही आकडे आधी निदान तीन-तीनदा स्पष्ट ऐकू आलेले असले पाहिजेत. मागच्या रांगेत एकाला बसवून तालमीनंतर आकडे विचारा. त्याला सांगता आले नाहीत तर वजनाचे प्रसंग अजून नीट बसलेले नाहीत.

नवी संहिता पक्की झाली की संहिता तपासून प्रयोगाचं प्रमाणपत्र देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. प्रमाणपत्र जुन्या संहितेवर घेतलं आणि प्रयोग नव्या संहितेचा केला तर स्पर्धेत हरकत येऊ शकते, म्हणून कट्टा आणि शिव्या काढल्यानंतरचीच प्रत जमा करा.